तुमचे प्रश्न: बुलमास्टिफची मापं आणि कोकणची हवा

बुलमास्टिफ या मोठ्या राखणदार कुत्र्याच्या जातीबद्दल कोकणातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांतली मापं ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मानकातली, म्हणजे जात कशी असावी हे सांगणाऱ्या अधिकृत वर्णनातली, आहेत. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत ही जात १५७ क्रमांकावर आहे.

आमचा नर १४ महिन्यांचा आहे. उंची २६ इंच, वजन ६२ किलो. विकणाऱ्याने 'हेवी बोन आहे, ८० किलोपर्यंत जाईल' असं सांगितलं होतं. आता बघणारे म्हणतात, कुत्रा लहान राहिला. जात शुद्ध आहे ना? मोजायचं कसं? (लांजा)

लहान नाही राहिला, जाड झालाय. नराची उंची ६३.५ ते ६८.५ सेंटीमीटर आणि वजन ५० ते ५९ किलो, मादीची उंची ६१ ते ६६ सेंटीमीटर आणि वजन ४१ ते ५० किलो, असं मानक सांगतं. तुमचा २६ इंच म्हणजे ६६ सेंटीमीटर, अगदी मधोमध. वजन मात्र वरच्या हद्दीच्याही पुढे गेलंय, आणि अंग भरायला अजून वर्षभर बाकी आहे. ८० किलोचा बुलमास्टिफ ही जाहिरातवाल्यांची जात आहे, मानकातली नव्हे. बरगड्यांवरून तळहात फिरवा. न दाबता एकेक बरगडी बोटांना लागली पाहिजे आणि वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. तसं नसेल तर खाणं कमी करा.

उंची मोजताना तो सपाट फरशीवर उभा हवा. सारवलेल्या अंगणात अर्धा-पाऊण इंच सहज इकडचा तिकडे होतो. पुढचे पाय सरळ खाली, डोकं नेहमीच्या उंचीवर. मान संपते तिथे खांद्याच्या दोन पात्यांची वरची टोकं बोटांना लागतात. तिथे सुताराचा गुण्या आडवा टेकवा आणि भिंतीवर आधी चिकटवलेल्या टेपवर आकडा वाचा. टेप अंगाच्या गोलाईवरून खाली सोडली की माप एक-दोन इंच जास्त येतं. विक्रीच्या जाहिरातींतल्या बऱ्याच उंच्या अशाच वाढलेल्या असतात. वजनासाठी काजू-आंबा तोलायचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम.

पण बुलमास्टिफ उंचीवरून ओळखत नाहीत, डोक्यावरून ओळखतात. कवटी मोठी आणि कुठूनही पाहिली तरी चौकोनी हवी. शिंप्याची टेप कानांच्या पुढून, गालांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून फिरवा. हा घेर कुत्र्याच्या उंचीइतका भरू शकतो, असं मानकच म्हणतं. म्हणजे तुमच्या कुत्र्यात तो ६६ सेंटीमीटरच्या आसपास असला तर डोकं उत्तम. मग नाकाच्या टोकापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत लांबी घ्या, आणि नाकाच्या टोकापासून डोळ्यांमधल्या पायरीपर्यंत वेगळी घ्या. दुसरी लांबी पहिलीच्या साधारण एक तृतीयांश हवी. एकूण २४ सेंटीमीटर असेल तर नाकाड ८. ते पाच-सहावर आलं तर तोंड नको तितकं चपटं, अकरा-बारावर गेलं तर चौकोनीपणाच हरवतो. नाकाडाची रुंदी डोळ्यांखाली जेवढी, जवळजवळ तेवढीच पुढे नाकापर्यंत टिकली पाहिजे आणि शेवट करवतीने कापल्यासारखा बोथट हवा. वरचे ओठ खालच्या जबड्याच्या खाली लोंबता कामा नयेत.

मान जवळजवळ डोक्याच्या घेराइतकी जाड आणि कमानदार. पाठ आखूड आणि सरळ. पंजे मांजरासारखे गोल, बोटं उंच आणि घट्ट. शेपटी वर लागलेली, मुळाशी जाड, निमुळती होत मागच्या पायाच्या टाचेपर्यंत. शेपटीवरून चिमटीने हात फिरवा. मध्ये हाडाची गाठ किंवा वाक लागला तर तो मोठा दोष.

मापं जुळली म्हणून शुद्धता सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. वंशावळीच्या कागदावर मायक्रोचिपचा नंबर असतो. पशुवैद्यकाकडच्या स्कॅनरने तो कुत्र्याच्या अंगातल्या चिपशी जुळवून घ्या. 'विथ पेपर' म्हणून दुसऱ्याच पिल्लाचा कागद हातात येतो, तो इथे उघडा पडतो.

पिल्लाच्या छातीवर पांढरा ठिपका आणि मागच्या एका पंजावर पांढरी बोटं आहेत. कान मागे मुडपून राहतात. दोष समजावा का? (दापोली)

छातीवरचं थोडं पांढरं चालतं, बाकी कुठेही नको. म्हणजे पांढरी बोटं प्रदर्शनात खटकतील, घरात त्यांनी काहीच बिघडत नाही. रंग तीनच: फॉन (फिकट पिवळसर तपकिरी), लाल आणि ब्रिंडल (गडद पट्टे असलेला), प्रत्येकाची कुठलीही छटा. 'दुर्मिळ रंग' म्हणून जास्त पैसे मागितले तर पिल्लू तिथेच ठेवून या. नाकाड काळंच हवं, काळेपणा डोळ्यांकडे जाताना विरत जातो आणि डोळ्यांभोवती पुन्हा गडद होतो. डोळे गडद किंवा हेझल, म्हणजे फिकट तपकिरी. पिवळे डोळे मोठा दोष.

कान लहान, त्रिकोणी, अंगाच्या रंगाहून गडद, आणि डोक्यावर उंच व दूरदूर लागलेले असतात, म्हणूनच डोकं चौकोनी दिसतं. कुत्रा सावध झाला की कानाचं टोक डोळ्याच्या रेषेत यायला हवं. मागे मुडपून आतली बाजू दाखवणारा कान मानकाला नको आहे. पण दात येण्याच्या काळात, साधारण चार ते सहा महिन्यांत, कान रोज नवी तऱ्हा करतात. सातव्या महिन्यापर्यंत थांबा.

जबड्याचंही तसंच. दात समोरासमोर टेकणं उत्तम, खालचा जबडा किंचित पुढे असला तरी चालतो, पण तो गुण नव्हे. दुधाच्या दातांवरून निकाल देऊ नका. पिल्लू नर असेल तर दोन्ही अंडकोश उतरलेत ना, हे मात्र आत्ताच पाहा.

आमच्या मादीच्या खालच्या पापण्या लोंबतात, आत लाल दिसतं, चिपडं येतात. तोंडावर जाड सुरकुत्या आहेत. देणारा म्हणाला, मास्टिफ असाच असतो. (सावंतवाडी)

असा नसतो. तो वर्णन करतोय नेपोलिटन मास्टिफचं, आणि तेही वाईट नमुन्याचं. बुलमास्टिफच्या कपाळावर सुरकुत्या लक्ष वेधलं गेल्यावर येतात आणि शांत बसल्यावर जातात. झोपेतही घड्या तशाच राहत असतील तर कातडी जास्त आहे.

पापणी बाहेर लोंबली की डोळा कोरडा पडतो, धूळ साचते. आत वळली तर पापणीचे केस बुबुळावर घासतात, आणि ते जास्त गंभीर. कुत्रा डोळा मिटून घेतो, पाणी गळतं, पुढे बुबुळाला जखम होते. यावर थेंब हा तात्पुरता उपाय आहे, खरा उपाय शस्त्रक्रिया. मात्र डोक्याची वाढ थांबण्याआधी कायमची शस्त्रक्रिया केली तर ती पुन्हा करावी लागू शकते, म्हणून लहान पिल्लात पापणीला तात्पुरते टाके घालून वेळ काढतात. कुठलाही डोळ्याचा थेंब घरातला म्हणून टाकू नका. बुबुळाला जखम असताना स्टिरॉइडचा थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो.

घड्यांसाठी: आपल्या हवेत, विशेषतः आषाढ-श्रावणात, घडीच्या तळाशी ओल राहते आणि तिथे जंतू व बुरशी वाढते. रोज एकदा ओल्या सुती फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने टिपा. पावडर घालू नका, ओलीत तिचा लगदा होतो. वास आला, लाली दिसली की दवाखाना. आणि या मादीची पिल्लं घेऊ नका. पापण्यांचा दोष पुढच्या पिढीत उतरतो.

हापूसच्या बागेत राखणीला बुलमास्टिफ ठेवायचा विचार आहे. वानरं हाकलेल का? बिबट्याचाही वावर आहे. (देवगड)

नको. ही जात एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मास्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून घडली, प्रमाण साधारण ६० ला ४०. काम एकच: रात्री जंगलात चोरून शिकार करणाऱ्याला न भुंकता गाठायचं आणि रखवालदार येईपर्यंत जमिनीवर दाबून धरायचं. केनेल क्लबने १९२४ साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. थोडक्यात, हा गप्प राहणारा कुत्रा आहे. बागेला हवा भुंकणारा, हलका, दिवसभर पळू शकणारा. ते काम दोन गावठी कुत्रे कितीतरी बरं करतील.

दुसरं, हवा. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून थंड होतो, जिभेवरची लाळ सुकली तरच. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर हवेतच इतकी ओल असते की ती सुकत नाही. त्यात आखूड नाकाड आणि ५५ किलोचं अंग. वानरांमागे भर दुपारी दहा मिनिटं धावला तर उष्माघात होऊ शकतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५ च्या वर गेलं, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, तोल जाऊ लागला, की लगेच सावलीत घ्या, अंगभर साधं विहिरीचं पाणी ओता, पंखा लावा आणि १०३ ला पाणी ओतणं थांबवून दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, खाली ऊब कोंडते.

तिसरं, बिबट्या. वस्तीजवळच्या बिबट्याचं कुत्रा हे नेहमीचं भक्ष्य, आणि मांगराबाहेर साखळीला बांधलेला कुत्रा कितीही मोठा असला तरी हतबल. जो कुठला कुत्रा ठेवाल तो रात्री छप्पर असलेल्या, जाळीच्या, कडी लागणाऱ्या खोलीत ठेवा.

बागेतला आणखी एक धोका म्हणजे बाठा, आंब्याची कोय. एवढ्या मोठ्या तोंडाचा कुत्रा आंबा आख्खाच गिळतो आणि बाठा आतड्यात अडकतो. उलट्या होतात आणि शी बंद होते, दोन्ही एकदम दिसलं तर एक्स-रे आणि बहुधा ऑपरेशन.

चार महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे पाय बाहेर वाकलेत, पंजे पसरलेत. कॅल्शियमची बाटली सुरू केली, फरक नाही. (गुहागर)

काय खाऊ घालता हे लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य देत असाल तर बाटली आजच बंद करा. त्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ ते १.५ टक्का असतंच. वाढ पूर्ण झालेला कुत्रा जादाचं कॅल्शियम शोषून घेत नाही. लहान पिल्लाला ते अडवता येत नाही, सगळं आत जातं आणि हाडांच्या वाढीत खोट येते.

भात आणि बिनहाडाची कोंबडी किंवा मासळी देत असाल तर उलट गोष्ट: कॅल्शियम फारच कमी आणि फॉस्फरस जास्त. मग हाडं मऊ पडून वाकतात. तरीही बाटली अंदाजाने ओतायची नाही, वजनावर हिशोब करून पशुवैद्यकाकडून घ्यायची. दोन्हींत पाय सारखेच वाकलेले दिसतात, म्हणून आधी एक्स-रे.

गुळगुळीत टाइल्सवर पंजा पसरतो, हेही कारण असतं. कातळावर किंवा मातीवर चालवा, घरात रबरी मॅट टाका. जिना नको, गाडीतून उडी नको. वाढ दीड-दोन वर्षं चालते.

जेवण सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग आयुष्यभर दोनदा, आणि जेवणानंतर तासभर पळापळ नाही. छाती खोल असल्याने या जातीत पोट फुगून पिळा पडायचा धोका असतो. पोट ढोलासारखं, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा बसत नाही, लाळ गळते: हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांत जीव जातो. घरगुती उपाय नाही. मादीचं गर्भाशय काढताना त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं, मोठ्या जातींत ते करून घ्यावं.

कोपराला लिंबाएवढी मऊ गाठ आली आहे, दुखत नाही. (अलिबाग)

कठीण फरशीवर जड अंग टाकल्याने पाणी साचलंय. सुई घालू देऊ नका, पाणी पुन्हा भरतं आणि जंतू शिरले तर गळू होतं. चार इंच जाड फोम, वर रेक्झिन, त्यावर धुता येईल असं गोणपाट. पेंढा नको, त्यात गोचीड राहतात. आणि वजन उतरवा.

मास्टिफवर बंदी आली आहे का? (मालवण)

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून मास्टिफसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. तरी स्थानिक संस्थेकडे नोंदणी आणि रेबीजची लस हवीच. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी मागा. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही रेबीजबरोबरच नोंदवहीत लिहून घ्या. पहिल्या वर्षी दोन डोस, पुढे दरवर्षी एक, आणि तो मेमध्ये, भातखाचरांत पाणी भरायच्या आधी.