वॉश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली (क्रश) वाळू, धुताना पाण्याबरोबर बारीक वाळू गाळाच्या टाकीत वाहून जाते. ती परत पकडणारं फाइन सँड रिकव्हरी मशीन घ्यावं का?

कराडजवळच्या एका क्रशरवर मी वॉश सँडचा प्लँट बघतो. मशीनवाल्याला बोलवायच्या आधी एक बादली घ्या.

प्लँट पूर्ण लोडवर असताना ती वाळू धुणाऱ्या स्क्रूच्या (वॉशरच्या) ओव्हरफ्लोखाली, म्हणजे पाणी बाहेर सांडतं तिथं धरा, दिवसातून चार-पाच वेळा. टाकीतला गाळ उचलून चाळू नका. जाड दाणा पाणी पडतं तिथंच बसतो आणि दगडाचं पीठ पार पलीकडच्या टोकाला, त्यामुळं गाळ कुठून उचलला यावर उत्तर बदलतं. बादलीत बसलेला माल 150 आणि 75 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर पाण्यानं धुवून, वाळवून वजन करा. 75 वर राहील तेवढीच तुमची वाळू. खालचं सगळं पीठ, त्यासाठी मशीन घेऊ नका.

300 मायक्रॉनच्या वरचा दाणाही बादलीत आला, तर दोष वॉशरचा. पाणी कमी करून बघा, फीड हौदात आदळत असेल तर ते शांत पडेल असं करा, स्क्रूचा वेग उतरवा. याला फारसा खर्च नाही.

एवढं करूनही 75 ते 300 मधला माल जात असेल तर मशीन जरूर घ्या. तासाला 50 टन वाळू निघते आणि त्याच्या 5 टक्के वाहून जाते असं धरलं, तरी दहा तासांत 25 टन होतात. शिवाय हाच दाणा गेल्यामुळं वाळू खरखरीत होते, काँक्रीट पाणी सोडतं आणि काँक्रीटचा पंपवाला तक्रार घेऊन येतो.

मशीनमध्ये वाळूचं पाणी खेचणारा स्लरी पंप, ते गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा हायड्रोसायक्लोन आणि पाणी निथळवणारी डिवॉटरिंग स्क्रीन असते. लक्ष ठेवायचं ते सायक्लोनच्या खालच्या तोंडावर. तिथून माल छत्रीसारखा उडत पडला पाहिजे. दोरीसारखा जाड पडायला लागला की सायक्लोनवर लोड जास्त झाला, आणि चांगली वाळू वरून पाण्याबरोबर निघाली. उलट फार पातळ येत असेल तर तोंड झिजलं असेल. आपला काळा दगड रबरालाही सोडत नाही. संपची, म्हणजे पंप ज्यातून ओढतो त्या हौदाची पातळी खाली जाऊ देऊ नका. पंपानं हवा ओढली की प्रेशर नाचतं आणि मग कट, म्हणजे कुठल्या मापापर्यंतचा दाणा पकडायचा ती हद्द, राहतच नाही.

परत मिळालेली वाळू वेगळी ढीग लावून विकायचा मोह होईल. ती पट्ट्यावरच जाड वाळूत मिसळू द्या, नंतर लोडरनं नीट मिसळत नाही. आयएस 383:2016 प्रमाणं क्रश सँडमध्ये 150 मायक्रॉनमधून 20 टक्क्यांपर्यंत माल गेला तर चालतो, 75 खालचा 15 टक्क्यांपर्यंत. मशीन बसल्यावर हे दोन आकडे पहिले काही आठवडे रोज तपासा.

आणि टाक्या उपसायचं काम संपेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पीठ टाकीत येतच राहणार, फक्त ती उशिरा भरेल. माण-खटावकडे प्लँट असेल आणि पाणी टँकरचं असेल, तर थिकनरचा (गाळ खाली बसवून पाणी परत देणारी टाकी) हिशोब याच कोटेशनबरोबर मागून घ्या.