आशियाच्या वाटेवर निवृत्त जोडपी : ‘परत आल्यावर बघू’ म्हणण्याआधी

कुठल्याही यात्रा कंपनीचा हात न धरता, स्वतः तिकिटे काढून आणि स्वतः मुक्काम ठरवून आशियाभर हिंडणाऱ्या निवृत्त जोडप्यांची पत्रे अलीकडे बरीच येऊ लागली आहेत. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक वाटते. मात्र समूहासोबत असताना ज्या गोष्टींची काळजी व्यवस्थापक घेतो, त्या इथे दोघांनाच घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी आरोग्याची बाब हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकललेली असते. पत्रांतील गोंधळ बहुतेक वेळा तोच तो असल्यामुळे काही प्रश्न निवडून येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस असा दोन महिन्यांचा प्रवास करणार आहोत. व्हिसाचे काम पाहणाऱ्या दलालाने पिवळ्या तापाची लस सक्तीची असल्याचे सांगून ती टोचून आणण्यासाठी वेगळे पैसे मागितले आहेत. ही लस घ्यावी का?

उत्तर : भारतातून थेट जात असाल तर नाही. पिवळा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आशियात नाही. तुमच्या वयाला फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियापासून बचाव करणारी) आणि धनुर्वात या लसींचा विचार अधिक गरजेचा आहे, आणि तो दलालाशी नव्हे तर तुमच्या डॉक्टरांशी, निघण्याच्या किमान दीड महिना आधी करावा.

प्रश्न : जपान, सिंगापूर आणि परतताना दुबई असा आमचा तीन महिन्यांचा बेत आहे. दोघांची मिळून दहा-बारा औषधे आहेत. पाकिटे फार जागा घेतात म्हणून गोळ्या सोडवून वारांच्या डबीत भरून न्याव्यात असे वाटते. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अशी एक डबी अलीकडेच माझ्या टेबलावर उघडली गेली. तिच्या प्रत्येक कप्प्यात पाच पांढऱ्या, गोल, जवळपास सारख्याच आकाराच्या गोळ्या होत्या आणि त्यांतील रक्तदाबाची कोणती व झोपेची कोणती, हे डबीच्या मालकांनाही सांगता आले नाही. परक्या देशातील सीमाशुल्क अधिकाऱ्याला किंवा तुम्ही बेशुद्ध असताना तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते कसे सांगता येणार? औषधे मूळ पाकिटांतच ठेवावीत, ती हातातल्या सामानात न्यावीत, आणि सोबत डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र असावे. त्या पत्रात कंपनीने दिलेले नाव पुरेसे नाही, औषधाचे मूळ रासायनिक नावही लिहिलेले असावे, कारण आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले नाव ओसाकातल्या औषध दुकानदाराने कधी ऐकलेलेही नसते.

कायद्याची बाजू याहून गंभीर आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे जपानमध्ये साधारणपणे एका महिन्याला पुरतील एवढीच पूर्वपरवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असल्यास ‘युन्यू काकुनिन-शो’ हे संमतिपत्र आधीच मिळवावे लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत असलेले स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे तेथे बंदी असलेल्या यादीत येते. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या यांवर जपान, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या तिन्ही ठिकाणी निर्बंध आहेत. ‘आमच्या ओळखीचे नेतात, कुणी विचारत नाही’ हा युक्तिवाद विमानतळावर उपयोगी पडत नाही. प्रत्येक देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी आणि ती तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून औषधांत बदल शक्य आहे का, हे विचारावे. जाता जाता, औषध नसलेल्या एका पदार्थाबद्दलही सांगतो. खसखस अमिरातींत आणि सिंगापुरात चालत नाही, तेव्हा नातेवाइकांसाठी नेण्याच्या फराळातून अनारसे वगळावेत.

प्रश्न : मला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. वेळेतील फरकामुळे डोस बदलावा का?

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच नाही. थायलंड आणि व्हिएतनामची घड्याळे आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत व जपानची साडेतीन तास. एवढ्या फरकात डोसची वेळ कशी सरकवायची, हे तुमचे डॉक्टर पाच मिनिटांत लिहून देतील. इन्सुलिन चेक-इन सामानात टाकू नये, कारण तेथे ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरांसारख्या ठिकाणी दिवसभर उन्हात पायऱ्या चढताना साखर अचानक उतरू शकते, म्हणून ग्लुकोज खिशात ठेवावे. ते पतीच्या पिशवीत नको, कारण पती नेहमी दोन शिखरे पुढे असतात.

प्रश्न : आम्ही विमानाने थेट लेहला जाऊन दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड आणि तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवर करणार आहोत. माझे वय ६६, पत्नीचे ६२; मला रक्तदाब आहे. वाहन ठरवून देणाऱ्याने कापराची पुडी हुंगत राहिल्यास आणि प्राणवायूचा छोटा डबा जवळ ठेवल्यास काही होत नाही, अशी हमी दिली आहे.

उत्तर : कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू त्याने तसूभरही वाढत नाही. हातात मावणारा डबा काही मिनिटांत संपतो आणि तो जवळ असल्याच्या भरवशावर माणसे खाली उतरायला उशीर करतात. विक्रेत्याचा नफा तेवढा निश्चित असतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीजवळच्या माणसाला विमान दोन-तीन तासांत तेथे नेऊन सोडते, शरीराला मात्र जुळवून घेण्यासाठी दिवस लागतात. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच विश्रांती घ्यावी, त्या काळात मद्य आणि झोपेची गोळी टाळावी, आणि खारदुंग ला त्यानंतर पाहावी. (तेथील फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले असे, प्रत्यक्ष उंची ५,३५९ मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे आठशे फुटांनी कमी आहे. तुमच्या फुप्फुसांना तीही पुरेशी आहे.) पँगाँगचा काठ ४,२०० मीटरच्या वर असल्याने तेथे मुक्काम करण्याची घाई तर मुळीच करू नये. साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढण थांबवावी. ल्हासाला किंवा नेपाळच्या उंच भागात जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा विकार, सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा रक्तदाबासाठी मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर ती स्वतःहून घेऊ नये; निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. डोकेदुखीबरोबर चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. हॉटेलचे पैसे आधी भरले आहेत, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : बालीतील उलुवाटू मंदिरात माकडाने यजमानांचा चष्मा पळवला. तो परत मिळवताना त्यांच्या मनगटावर ओरखडा उठला आणि थोडे रक्त आले. आम्ही लगेच सॅनिटायझर लावले. मंदिरातली माकडे माणसाळलेली असतात, काही होत नाही, असे तेथील वाहनचालकाने सांगितले. चार दिवसांनी परतायचेच होते, म्हणून परत आल्यावर बघू असे ठरवले. आता येऊन आठवडा झाला, जखमही भरली आहे. काही करावे का?

उत्तर : आजच रुग्णालयात जावे. पुढचा मजकूर रांगेत उभे राहून वाचला तरी चालेल.

उशीर झाला आहे, पण लस सुरू करण्याची मुदत संपलेली नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो, आणि या प्रवासाला सहसा एक ते तीन महिने, क्वचित आठवडाभर तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. तो मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली तर माणूस वाचतो; लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वैद्यकशास्त्राच्या हातात जवळपास काहीही उरत नाही. त्यामुळे जखम भरली, हा दिलासा निरर्थक आहे. ती भरणारच होती. माणसाळलेले माकड, देखणे कुत्रे, देवळातले मांजर असे भेद विषाणू करत नाही. बाली पूर्वी रेबीजमुक्त होती, २००८ पासून नाही. माकडांमुळे रेबीज होण्याचे प्रमाण कुत्र्यांच्या तुलनेत फार कमी असले, तरी ज्या प्रदेशात कुत्र्यांत रेबीज आहे तेथे माकडाचा चावा किंवा ओरखडा क्षुल्लक मानता येत नाही. शिवाय माकडांकडून हर्पिस-बी हा दुसरा विषाणूही अगदी क्वचित येऊ शकतो, तेव्हा जखम माकडाने केली असल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

अशा वेळी पहिल्या तासात करायची गोष्ट सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत जास्त टाळली जाते. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ पाहून १५ मिनिटे जखम धुवावी. सॅनिटायझरचे दोन थेंब म्हणजे धुणे नव्हे. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यानंतर जंतुनाशक लावून त्याच दिवशी, त्याच गावात लस सुरू करावी. रक्त आले असेल तर ती जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची ठरते आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे) जखमेत व तिच्याभोवती टोचावे लागते, कारण लसीचा परिणाम दिसेपर्यंतचे दिवस तेच सांभाळून नेते. प्रत्येक लहान दवाखान्यात ते मिळत नाही. मोठ्या शहरात जावे लागले तर बेत मोडून जावे. लसीचा पहिला डोस घेतल्यावर सात दिवसांनंतर ते देण्यात अर्थ उरत नाही, म्हणून ‘लस तिथे, बाकीचे घरी’ अशी वाटणी करू नये.

आपल्या पिढीच्या मनात पोटात घ्यायची १४ इंजेक्शने अजून घर करून बसली आहेत, आणि माझा असा संशय आहे की ‘परत आल्यावर बघू’ या वाक्यामागे निम्म्या वेळा तीच भीती असते. ती जुनी लस भारतात २००५च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडात दिली जाते. स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवसांना, तर त्वचेत दिल्यास त्याहून कमी फेऱ्यांत. त्वचेत थोडीथोडी लस देण्याची पद्धत बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसने घडवली आणि तिच्या सुधारित रूपाचा वापर आपल्या सरकारी रुग्णालयांतही होतो. म्हणजे परदेशात सुरू केलेला क्रम घरी पूर्ण करण्यात अडचण नसते. फक्त लसीचे नाव, तारीख आणि ती स्नायूत दिली की त्वचेत, हे लिहिलेले कार्ड जपून आणावे.

खेड्यापाड्यांत, रुग्णालयांपासून दूर, महिनोन्‌महिने हिंडण्याचा बेत असेल तर प्रवासापूर्वीच या लसीचे दोन-तीन डोस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मग चावा झाल्यावर इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरावे लागत नाही आणि दोन डोसांत काम होते. जपानमध्ये १९५७ पासून तेथल्या प्राण्यांत रेबीज नाही, सिंगापूरही मुक्त आहे. पण इंडोनेशिया, फिलिपिन्स, नेपाळ, म्यानमार यांची गोष्ट तशी नाही. आणि चष्म्याला दोरी बांधावी, किंवा माकडाने नेलाच तर नेऊ द्यावा.

प्रश्न : लांबच्या विमानप्रवासात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी ॲस्पिरिन सुचवली आहे.

उत्तर : शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नको. दर तासाला उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे. पूर्वी गुठळी झाली असेल, अलीकडे गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय तिकीट काढू नये. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर ती चालण्याची दुखापत समजून चोळू नये.

प्रश्न : थायलंडमध्ये ताप आला तर कोणती गोळी घ्यावी? पपईच्या पानांचा रस सोबत न्यावा का?

उत्तर : रस राहू द्यावा. तापासाठी केवळ पॅरासिटामॉल, तेही ठरल्या मात्रेत घ्यावे. डेंगूची शक्यता असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतः बंद न करता, ताप आल्यास काय करायचे, हे हृदयरोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे. डेंगूचा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे सुरू झाले तर ती सुधारणा नसून धोक्याची वेळ आहे. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर आपण कोणत्या देशांत होतो हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगावे, कारण हिवताप उशिरानेही डोके वर काढतो.

प्रश्न : प्रवास विम्याच्या अर्जात पतीचा मधुमेह आणि माझी अँजिओप्लास्टी लिहिल्यास हप्ता वाढेल, म्हणून ते लिहू नका, असा सल्ला एजंटने दिला. योग्य आहे का?

उत्तर : एजंटला कमिशन अर्ज भरताना मिळते, आणि दावा नाकारला जाताना तो तेथे नसतो. छातीत दुखून परदेशी रुग्णालयात दाखल झाल्यावर तेथील कागदांत जुन्या अँजिओप्लास्टीची नोंद होतेच, विमा कंपनी ती वाचते आणि लपवलेल्या आजाराच्या आधारे दावा फेटाळते. सर्व आजार, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे लिहावीत. आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या प्रसंगी खर्च मिळतो का, किती मर्यादेपर्यंत, आणि रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे तीन प्रश्न कंपनीला लेखी विचारावेत व उत्तरही लेखीच घ्यावे. अँजिओप्लास्टी कधी झाली, हे तुम्ही कळवलेले नाही. ती अलीकडची असेल तर विम्याच्या आधी हृदयरोगतज्ज्ञांची प्रवासास परवानगी घ्यावी, आणि त्यांनी थांबायला सांगितले तर थांबावे.