विज्ञान शिकवताना विज्ञानाचा इतिहास सांगावा का, की त्यात नुसता पोर्शन मागे पडतो?

तुम्ही नववी-दहावीला नव्याने शिकवायला लागलेले दिसताय, आणि "इतिहास सांगितला की मुलं ऐकतात पण सिनियर लोक टोकतात, मार्कांचं काय करू" असं जे लिहिलंय ते वाचून मी हातातले पेपर बाजूला ठेवून लिहायला बसले. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येतं.

सांगावा. पण सगळे सांगतात तसा सांगणार असाल तर नका सांगू, त्यापेक्षा दोन गणितं जास्त घ्या.

आपल्याकडे इतिहास म्हणजे 'परिचय शास्त्रज्ञांचा' नावाची चौकट, एक फोटो, जन्म-मृत्यूचं साल आणि शोध, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा. दहावीला मूलद्रव्यांच्या वर्गीकरणात डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं, मग मेंडेलीव्ह, पोरं धडाधड म्हणून दाखवतात आणि पेपरात गुणदोष लिहून मार्क घेतात. पण मेंडेलीव्हने तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या म्हणजे नक्की काय धाडस केलं हे कुणाला सांगता येत नाही. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, ज्याने शोधलं त्याने घनता ४.७ काढली, आणि ज्याने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं त्या मेंडेलीव्हने त्याला कळवलं की तुमचं मोजमाप चुकलंय, ५.९ च्या आसपास यायला हवी. नमुना शुद्ध करून परत मोजलं तर ५.९ आली! हे पाच मिनिटांत सांगून होतं. त्यानंतर आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवर लावला तर मुलं त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आता खरं दुखणं सांगते. माझी शाळा देवगड तालुक्यात आहे, म्हणजे विजयदुर्ग आमच्या मुलांच्या घरचाच किल्ला. तिथे दगडी चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, कोणी ओटे म्हणतं. आणि लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेलं असतं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर नावाच्या साहेबाने इथूनच हेलियम शोधला. भाषणं होतात, दरवर्षी होतात. आमच्या विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी एका ज्येष्ठ सरांनी नववीतल्या एका मुलीला असंच भाषण लिहून दिलं होतं, आणि ती ते माझ्या तासाला पाठ करत होती. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "बाईनू, ऑगस्टात आमका सूर्य खंय दिसता?"

वर्ग हसला. मी नाही हसले. अहो, ऑगस्टात कोकणात छत्री मिटायची सोय नसते आणि साहेब दुर्बीण लावून सूर्य बघतोय! याच्यापेक्षा चांगला वैज्ञानिक प्रश्न माझ्या वर्गात त्या वर्षी कुणी विचारला नसेल. मी म्हटलं बसा, आपण शोधूया.

मग कोण कुठे होतं आणि कधी, एवढा एकच तक्ता फळ्यावर करायला घेतला. १८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेन गुंटूरला. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. आणि लॉकयर? लॉकयर लंडनला. तो तेव्हा तिकडच्या युद्ध खात्यात कारकून होता, आकाश बघणं ही त्याची हौस. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळा स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून, दिसतील असं तो दोन वर्षं आधीपासून म्हणत होता, पण सांगितलेलं उपकरण कारागिरांनी रखडवलं (हे ऐकून मुलं जाम खूश झाली, सुताराने कपाट रखडवल्याचा अनुभव घरोघरी असतो). ते हातात पडलं ऑक्टोबरात आणि २० ऑक्टोबरला त्याला ज्वाळांच्या रेघा दिसल्या, लंडनमधून, ग्रहणाबिहणाशिवाय. जॅन्सेनला तीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत पोचली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

पण शिकवायला खरी मजा याच्या पुढे आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशातल्या रेघा ठरलेल्या असतात, आणि त्या रेघांमध्ये एक पिवळी रेघ होती. पहिला संशय सोडियमचा, कारण सोडियमची रेघही पिवळी. आम्ही पुठ्ठ्याचा खोका, दोन ब्लेडची फट आणि जुन्या सीडीचा तुकडा वापरून स्पेक्ट्रोस्कोप केला, स्पिरिटच्या दिव्यावर मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापूस धरला आणि सोडियमची रेघ बघितली. मग मी सांगितलं की सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात आणि सूर्यावरची ती रेघ ५८७.६ ला. जवळच्या रेघेपासून दीड नॅनोमीटरसुद्धा फरक नाही. आमच्या खोक्यात तो दिसणं शक्यच नाही, मुलांनी ते स्वतःच ओळखलं, आणि मग "एवढ्याशा फरकावरून नवीन मूलद्रव्य आहे म्हणायचं?" असा दंगा सुरू झाला. तेव्हाच्या रसायनवाल्यांनीही हेच विचारलं होतं! लॉकयरने फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून ती रेघ काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. तरी लोकांचा विश्वास बसेना. १८९५ मध्ये रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने क्लेवाइट या युरेनियमच्या खनिजावर ॲसिड घालून निघालेला वायू तपासला, त्यात ती रेघ सापडली आणि हेलियम पृथ्वीवर हाताला लागला. सत्तावीस वर्षं! माझ्या मते विज्ञान शिकवायचं ते या सत्तावीस वर्षांत आहे. 'हेलियमचा शोध कोणी लावला' हा एका मार्काचा प्रश्न आहे आणि त्याचं एका ओळीत धड उत्तरही नाही.

मग विजयदुर्गाचं काय, असं मुलांनी विचारणारच. तर लॉकयर विजयदुर्गला आला, शंभर टक्के आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारीत, आकाश स्वच्छ असताना, ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन. कट्टे त्याच मोहिमेचे असणार. म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आणि त्याच ग्रहणाला सोलापूरकडे जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची दुर्बीण आणि माणसं घेऊन बसले होते, ज्यांनी पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. अभिमानच बाळगायचा तर या माणसाचा बाळगा ना. त्यांचं नाव आमच्या एकाही मुलाने ऐकलेलं नव्हतं, आणि स्टाफरूममध्येही कुणी ऐकलेलं नव्हतं हेही सांगून टाकते.

त्या मुलीने भाषण बदललं. स्वतः बदललं, मी एक ओळ लिहून दिली नाही. १८६८ आणि १८९८ दोन्ही सांगून, गोंधळ कसा झाला असेल तेही तिने लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही गावाचा अभिमान काढून घेताय. मुलांना प्रेरणा मिळते ना, मग तारखा कशाला उगाळायच्या? आणि एवढा वेळ आहे तर पोर्शन संपवा." भाषण दुसऱ्या मुलाला दिलं गेलं, जुन्या मजकुरासकट, आणि त्याला बक्षीसही मिळालं. ती मुलगी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

तेव्हा मी गप्प बसले, सर वयाने मोठे. पण इथे बोलते. चुकीच्या तारखेवर उभी केलेली प्रेरणा मुलांना एकच शिकवते, की मोठ्या माणसाने माइकवर सांगितलं की ते खरं. मग याच मुलांनी उद्या व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही पुढे ढकललं तर आपण त्यांना नावं ठेवायची. ज्या पोराने ऑगस्टातला पाऊस आठवला त्याने माझ्या वर्गात निरीक्षणाचा धडा घेतला, आणि शाळेने त्याला सांगितलं की गप्प बस. सर, वाचत असाल तर वाचा.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलं. हे सगळं प्रत्येक धड्याला करायचं नाही, मरून जाल. वर्षाला तीन-चार धडे निवडा जिथे इतिहासातलं भांडण आणि धड्यातली संकल्पना एकच आहे, आवर्तसारणी, वर्णपट असे. बाकीचे सरळ शिकवा. ज्याचा इतिहास तुम्ही स्वतः नीट तपासला नाही तो सांगू नका, न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पाडण्यापेक्षा थेट बलाची व्याख्या बरी. आणि वर्ग खूप मोठा असेल, प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर माझा सल्ला निम्माच लागू पडेल हेही खरं.

मार्कांचं म्हणाल तर वाढतील असं वचन मी देणार नाही. माझ्या वर्गाचे वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. वेळ मी ऑफ तासातून काढते, आणि पाठाच्या टाचणात ते सगळं 'विषयप्रवेश' म्हणून लिहिते, तिथे आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.