नवेगावबांधला पक्षी पाहायला कधी आणि कसं जावं? तिथली बदकं कमी का झाली?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. हिवाळ्यात नवेगावबांधला दोन दिवस पक्षी बघायला जायचंय तर कधी आणि कसं जावं, ही पहिली. दुसरी म्हणजे, ‘तिथे आता पूर्वीसारखी बदकं उतरत नाहीत’ असं तुमच्या कानावर आलंय, त्याचं कारण काय. दुसरीचं उत्तर आधी देतो. पाण्याचं गणित कळलं की कधी जावं आणि कुठे उभं राहावं हे वेगळं सांगावं लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यातला नवेगावचा तलाव निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या खिंडी बांधून तो तयार केला, तोही धानाला पाणी मिळावं म्हणून. भोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि कोलू पाटलांना लोक कोलासुर म्हणून पुजतात. तलावाचा पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान झालं 1975 साली, क्षेत्र 133.88 चौरस किलोमीटर, म्हणजे मेळघाट-पेंचच्या मानाने आटोपशीर. 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पण पक्ष्यांपुरतं बोलायचं तर वाघाला विसरा. इथला कारभार चालतो तो पाण्याच्या खोलीवर.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे 6,000 हून जास्त तलाव आहेत. त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार), आईचा भाऊ नव्हे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. सिंचनक्षेत्र 100 हेक्टरच्या वर असेल तो पाटबंधारे खात्याकडे, खालचा जिल्हा परिषदेकडे. पाणी एकाकडे, मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे, भोवतीचं जंगल वनखात्याकडे. पक्षी मात्र या तिन्हींच्या मधोमध, काठावर बसतो.

आता खोली. चक्रांग, तलवार बदक, मलिन बदक, तरंग ही बुडी न मारणारी बदकं. शेपटी वर करून डोकं पाण्यात घालतात, त्यामुळे साधारण 10 ते 30 सेंटिमीटर पाण्यातच त्यांचं भागतं. तुतवार, पाणटिवळे यांना त्याहून उथळ पाणी किंवा नुसता ओला चिखल लागतो. लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक यांना मीटर-दोन मीटर खोल, पण तळाशी वनस्पती असलेलं पाणी हवं. कमळपक्ष्याला आणि काणूक बदकाला तरंगती पानं हवीत. अडईला दिवसा विसावायला शांत, झाडोऱ्याचा काठ लागतो. हे सगळं एकाच तलावात मिळतं ते काठाचा उतार मंद असेल तरच.

पन्नास मीटर आत गेल्यावर पाणी एक मीटरने वाढत असेल, तर 30 सेंटिमीटरपर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टा 15 मीटर रुंद मिळतो. तोच काठ पोकलेनने दोनास एक असा उभा कापला, की पट्टा उरतो 60 सेंटिमीटर. पाणी तेवढंच, उलट थोडं जास्त, आणि बदकांची पंगत मात्र उठली. गाळ काढायला माझा अजिबात विरोध नाही. जुन्या तलावात तो काढावाच लागतो आणि शेतात टाकला की मातीचं भलंही होतं. पण तो मधल्या खोलगट भागातून काढावा, काठाचा उतार तसाच ठेवावा आणि देवधान, लव्हाळी उगवतात तो पट्टा खरवडू नये. ट्रॅक्टर सहज पोचतो म्हणून काठच आधी खणला जातो, तिथे सगळं बिघडतं.

दुसरं कारण माशांचं बीज. गवत्या मासा पाण्याखालच्या वनस्पतींचा फडशा पाडतो. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ होतं, ऊन तळाशी पोचत नाही आणि उरलेली हायड्रिला ही पाणवनस्पतीही जाते. मोठी लालसरी आणि वारकरी (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी) यांचं मुख्य खाणंच या वनस्पती. ज्या तलावात वारकऱ्यांचे थवे अचानक कमी होतात, तिथे पाण्यात हात घालून बघा. तळ बोडका लागला तर कारण हाती लागलं. गंमत म्हणजे यात ढीवरांचाही तोटाच होतो. वनस्पती गेल्या की मरळ, शिंगी अशा गावठी माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागा उरत नाही.

तिसरं कारण बेशरम. गुलाबी-जांभळ्या कर्ण्यासारख्या फुलांचं हे झुडूप तुम्ही विदर्भात प्रत्येक ओढ्याकाठी पाहिलं असेल. गुरं तोंड लावत नाहीत आणि कापलेली कांडी चिखलात पडली की पुन्हा मुळं धरते. म्हणून ‘श्रमदानातून बेशरम निर्मूलन’ असे फोटो छापून आले तरी पुढच्या वर्षी झाडी दुप्पट दिसते, कारण तिला कोयत्याने छाटलेलं असतं. खरं काम असं करावं लागतं: उन्हाळ्यात पाणी उतरलं की मुळासकट उपटायचं, पूर्णजलरेषेच्या वर नेऊन वाळवायचं, पाळीवर किंवा पाण्यात एकही कांडी सोडायची नाही. पाऊस सुरू झाला की मोकळ्या जागेत शेजारच्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पतींची लावण करायची. पुढची किमान दोन वर्षं उगवलेली रोपं वेचत राहायची. भंडारा-गोंदियातल्या काही मामा तलावांत ढीवर स्त्री-पुरुषांनी नेमकं हेच केलंय. संरक्षणाचं याहून पटण्याजोगं उदाहरण मला दुसरं सुचत नाही, कारण त्यात पक्षी आणि मासे एकाच कामाने परत येतात.

गाळपेरीचाही एक वाटा आहे. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या तळात पीक घेतात. पद्धत जुनी आहे आणि जोवर ती शेणखतावर चालली तोवर फारसं बिघडलं नाही. आता तिथे रासायनिक खत आणि तणनाशक पडतं आणि पहिल्या पावसात तळ्यातच विरघळतं.

आता कधी जावं. तलाव भरतो ऑगस्ट-सप्टेंबरात. पाऊस ओढ देतो तेव्हा धान पोटरीत असताना पाणी सोडतात आणि काठ हळूहळू उघडा पडू लागतो. पाहुणी बदकं नोव्हेंबरच्या मध्यापासून येतात, मार्चमध्ये पांगतात. तरीही नोव्हेंबर टाळा. एक तर पाणी अजून बरंच वर असतं, थवे दूर मध्यावर बसतात. दुसरं, नुकत्याच आलेल्या नरांनी विणीचा पिसारा झडवलेला असतो. तलवार बदकाचा नरही मादीसारखा मळकट तपकिरी दिसतो आणि नवख्याची पार दांडी उडते. डिसेंबरच्या शेवटी नर पुन्हा नटलेले असतात. 20 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी हा काळ धरा.

एक मेख लक्षात ठेवा. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी जिल्ह्यातले सगळे तलाव भरलेले असतात आणि बदकं त्यांत विखुरतात. नवेगावला थवे कमी दिसतात आणि लोक ‘पक्षी संपले’ म्हणू लागतात. कमी पावसाच्या वर्षी लहान तलाव आटतात आणि सगळी गर्दी मोठ्या पाण्यावर येते. म्हणून एका वर्षीच्या एका भेटीवरून कसलाही निष्कर्ष काढू नका. वाटेत गावोगावचे दोन-तीन लहान तलावही बघा. पुष्कळदा काणूक, कमळपक्षी आणि मुग्धबलाक तिथेच जास्त जवळून दिसतात.

पोचायचं कसं: मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस थेट गोंदियाला जाते, पुढे साधारण 60-65 किलोमीटर रस्त्याने. नागपूरहून गाडी काढली तर भंडारा, साकोली, कोहमारा आणि कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. जंगल सफारी वेगळी, तिचं बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं. साप्ताहिक सुट्टीचा वार तेव्हाच पाहून घ्या. पावसाळ्यात सफारी बंद असते.

मुंबई-पुण्याच्या मंडळींची हमखास चूक घड्याळाची. गोंदिया इतकं पूर्वेला आहे की सूर्य मुंबईपेक्षा अर्धा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. जानेवारीत पावणेसातला उजाडलेलं असतं. साडेसहाला काठावर हजर राहा. स्वेटर-कानटोपी हवीच, पारा 8-10 अंशांपर्यंत उतरतो. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे सकाळी पूर्व काठावरून पश्चिमेकडे आणि संध्याकाळी उलट. सूर्यासमोर पाहिलंत तर सगळी बदकं काळी दिसतील. दहानंतर पाण्यावर हवा थरथरू लागते, दूरचं काही नीट दिसत नाही. तेव्हा जंगलाकडे वळा. भृंगराज, स्वर्गीय नर्तक, धनेश यांच्यासाठी पाण्याजवळची सावलीची झाडं बघायची.

दुर्बीण 8×42 घ्या. 10× मध्ये हात हलतो, मुलांना तर काहीच सापडत नाही. पण एवढ्या मोठ्या तलावावर थवा अर्धा-पाऊण किलोमीटरवर असतो आणि तिथे नुसत्या दुर्बिणीने मादी ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. कोणाची 20-60 पटीची दूरदर्शी आणि तिवई मिळाली तर जरूर न्या. ओळखीतल्या नेहमीच्या चुका अशा. पांढऱ्या कपाळाचा काळा वारकरी बदक नाही, त्याला बदकांच्या बेरजेत धरू नका. मोठ्या लालसरीची मादी गडद टोपी आणि फिक्कट गालांवरून ओळखू येते. मलिन बदकाच्या पंखावर चौकोनी पांढरा ठिपका असतो, उडताना हमखास दिसतो. अडई उडाली की शेपटीचा वरचा भाग तांबूस दिसतो. तो पांढरट दिसला तर मोठी अडई.

जवळ जाण्याची हद्द पक्षीच सांगतात. माना ताठ झाल्या की थांबा. सगळे एका दिशेला पोहू लागले तर तुम्ही आधीच पुढे गेला आहात, दोन पावलं मागे या. थव्याला एकदा उडवलं की तो बराच वेळ त्या काठावर उतरत नाही, तुमच्या मागून येणाऱ्यांची सकाळही वाया जाते. माणूस नसताना थवा उठला तर वर बघा, दलदली भोवत्या नाहीतर कैकर असा शिकारी पक्षी फिरत असणार. ड्रोन आणू नका. फोटोसाठी खडे मारणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्याजोगं काही नाही.

खरोखर उपयोगी पडायचं असेल तर मोजा. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतीय उपखंडात ती 1987 पासून चालू आहे. तुमच्या तारखा त्याच वेळी बसवता आल्या तर उत्तम. मोजायची रीत सोपी आहे. थव्याच्या डाव्या टोकाचे 20 पक्षी नीट मोजा, तेवढ्या जागेचा डोळ्यांत अंदाज बसवा आणि त्या मापाने उजवीकडे सरका. आधी एकूण संख्या, मग पुन्हा एक फेरी फक्त जातींचं प्रमाण बघायला. दोन मोजण्यांत पाचाला एक एवढा फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. आकडा सांगता येत नसेल तर ‘खूप’ लिहू नका, ‘अंदाजे 300’ लिहा. सोबत वेळ, किती अंतर चाललात आणि पाणी काठापासून किती उतरलं होतं हेही टिपा. पाण्याची नोंद कोणीच ठेवत नाही आणि नंतर आकडे वर-खाली का झाले हे सांगता येत नाही. यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पट्टकादंब या पाहुण्या हंसाच्या मानेत पट्टी किंवा पायात रंगीत कडं दिसलं तर रंग, अक्षरं आणि डावा पाय की उजवा, हे लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

सारसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. त्याला नवेगावच्या तलावावर शोधत बसू नका. तो सापडतो गोंदियाच्या उत्तरेला, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पट्ट्यातल्या धानशेतीत आणि परसवाडा, झिलमिली इथल्या तलावांवर. घरटं सहसा धानाच्या बांधीत असतं. बहुधा दोन अंडी, महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात, पावसाळ्याचे दिवस. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नका, रस्त्यावरूनच बघा. घरटं दिसलं तर त्याचा फोटो जागेच्या खुणेसह कुठेही टाकू नका. जखमी किंवा विजेच्या तारेला अडकलेला पक्षी आढळला तर वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे. तिथे गावाचं नाव आणि जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा, म्हणजे वीज बंद करायला वेळ जात नाही.