सोशल मीडियाला आधार जोडणं सक्तीचं केलं तर फेक अकाउंट आणि घाणेरड्या कमेंट थांबतील का?

२०१९ मध्ये कुणी हे विचारलं असतं तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं कुणीतरी फेक अकाउंट काढलं होतं. फोटो तिचेच, कॉलेजच्या गॅदरिंगमधले साडीतले, खाली नको नको ते लिहिलेलं आणि वर तिचा मोबाइल नंबर. दिवसाला तीस-चाळीस कॉल यायचे. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन या, मग बाबा आणि मी झेरॉक्सच्या दुकानात. एकेक कागद बाहेर आला की बाबा तो लगेच पालथा घालायचे, दुकानातल्या पोराला दिसू नये म्हणून, पण फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर उघडी होती, त्याला सगळं दिसतच होतं. बाबांचा तो कागदावर दाबून धरलेला हात अजून डोळ्यांसमोर येतो.

तर सांगायचं हे की ते फेक अकाउंट काढणारा मुलगा सापडला. आमच्याच कॉलनीतला निघाला. ज्या नंबरवर अकाउंट काढलं होतं ते सिम त्याच्या काकांच्या नावावर होतं. सिम घेताना आपण कागदपत्रं देतोच, अकाउंट चालवणाऱ्या कंपनीकडे आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून ते वापरलं त्याचा नंबर असतो, पोलिसांनी रीतसर मागितला की तो मिळू शकतो. म्हणजे माग काढायची सोय तेव्हाही होती, तरी पाच महिने गेले, अर्ज इथून सायबर सेलला, तिथून कंपनीला मेल, मग उत्तराची वाट, मध्येच साहेब बंदोबस्ताला. आधार जोडलेलं असतं तरी हे पाच महिने गेलेच असते. आणि दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरणारा दुसऱ्याचं आधारही वापरेलच ना.

दक्षिण कोरियानं हे करून बघितलंय. २००७ पासून तिथे मोठ्या वेबसाइटवर काही लिहायचं तर आधी आपला नागरिक नंबर देऊन ओळख पटवायची, असा कायदाच होता. २००९ मध्ये यूट्यूबनं ओळख तपासण्यापेक्षा कोरियातल्या लोकांचं अपलोड आणि कमेंट बंद केलेलं परवडलं असं ठरवलं. मग २०११ मध्ये नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या तिथल्या दोन साइट हॅक झाल्या आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास! शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टानं तो कायदा रद्द केला, बेकायदा मजकूर त्यामुळे म्हणावा तसा कमी झाल्याचं दिसलंच नाही आणि लोक परदेशी साइटकडे वळले. आपण सगळ्यांचं आधार अशा कंपन्यांच्या हातात द्यायचं म्हणजे तीच चूक कितीतरी मोठ्या आकड्यावर करायची.

आणि खऱ्या नावानं लिहिलं की माणूस सुरक्षित असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद कशाला, असं एका मुलीनं फेसबुकवर स्वतःच्या नावानं लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचं हॉस्पिटल जमावानं फोडलं. त्या मुली काही लपल्या नव्हत्या, कुणाला शोधायला एक मिनिटही लागलं नाही. ज्या कलमांखाली ती केस झाली त्यातलं आयटी कायद्याचं ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलचं कलम, सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण त्या दोघींना भोगायचं ते तोवर भोगून झालं होतं.

आपल्याकडे टोपणनाव म्हणजे चोरी असं कधी नव्हतं हो. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आपल्याच समाजाला खडे बोल सुनावणारी पत्रं 'लोकहितवादी' या नावानं लिहिली, आणि ते सरकारी नोकरीत होते.

माझं म्हणणं एवढंच की नाव सगळ्यांना दिसणं वेगळं आणि गुन्हा झाला की माणूस सापडणं वेगळं. सापडण्यासाठी सायबर सेलला माणसं द्या, कंपन्यांना वेळेत उत्तर द्यायला लावा. २०२१ च्या आयटी नियमांत तोतया अकाउंटची तक्रार ज्याची त्यानं केली की २४ तासांत ते हटवायचं असं आलं, मला ते आधारपेक्षा शंभरपट कामाचं वाटतं. त्याच नियमांत ज्याला हवं त्यानं स्वतःहून व्हेरिफाय करून घ्यायची सोयही आहे, सक्ती नाही, आणि तसंच राहावं. तुमच्या घरात असं काही चालू असेल तर आधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मग अकाउंट रिपोर्ट करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

माझी तीच बहीण, दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न मोडायला आलं. सासरचे सगळे तिच्या फ्रेंडलिस्टमध्ये, स्वतःच्या नावानं ती काय विचारणार? तिनं एक भलतंच नाव घेऊन बायकांच्या एका ग्रुपवर पोटगीचं विचारलं, तर रात्री दीड-दोनला कुणा अनोळखी ताईंनी तिला नीट समजावलं, स्त्रीधन तुझंच आहे, सोनाराची बिलं शोध, नसतील तर लग्नाचे फोटो काढ, अंगावरचे दागिने त्यात दिसतात. त्या ताईंचं खरं नाव तिला आजही माहीत नाही. तिथे आधी आधार नंबर टाका असं आलं असतं तर मी मोबाइल बाजूला ठेवून झोपून गेले असते, असं ती स्वतः म्हणते.