जीवशास्त्राच्या पदवीत स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षाला ढकलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीवशास्त्राच्या पदवीला प्रवेश झाला आहे, विषय पुढे-मागे करण्याची मुभा आहे, तर सुरुवातीला जेनेटिक्स, इकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी असे आवडीचे विषय घ्यावेत आणि केमिस्ट्री व स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षासाठी ठेवावेत का? वर सीनियर मंडळींचा सल्लाही तुम्ही दिला आहे: ‘स्टॅटिस्टिक्स उपरा विषय आहे, शेवटी उरकून टाक.’

नाही, ठेवू नका. आणि तो सल्ला तर मुळीच ऐकू नका.

केमिस्ट्रीचं कारण साधं आहे, ते आधी सांगतो. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं, त्यावर ऑरगॅनिकची एक किंवा दोन, त्यावर बायोकेमिस्ट्री आणि त्यानंतर मॉलिक्युलर बायोलॉजीचा वरचा कोर्स अशी साखळी असते. पहिल्या सत्रात सुरुवात केली तर बायोकेमिस्ट्री चौथ्या-पाचव्या सत्रात येते. तिसऱ्या सत्रात सुरुवात केली तर ती सहाव्या किंवा सातव्या सत्रावर जाते. सहा सत्रांच्या पदवीत सातवं सत्र नसतंच, आणि आठ सत्रांच्या पदवीत बायोकेमिस्ट्री व प्रोजेक्ट एकाच वेळी अंगावर येतात. त्यात बरेच कोर्स वर्षातून एकदाच चालतात, म्हणजे एक सत्र चुकलं की वर्ष गेलं. शेवटच्या सत्रापासून उलटं मोजत या, प्रत्येक कोर्सच्या आधी काय लागतं ते लिहा. तासाभरात चित्र स्पष्ट होईल.

स्टॅटिस्टिक्सची गोष्ट वेगळी आहे. ते उशिरा घेतलं तर पदवी अडत नाही. वेळापत्रकावर कुठेच लाल खूण दिसत नाही. म्हणूनच लोक ते बिनधास्त ढकलतात, आणि नुकसान थेट प्रोजेक्टमध्ये दिसतं, तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा एक नेहमीचा नमुना घ्या. विषय: मिठाचा टोमॅटोच्या रोपांच्या वाढीवर होणारा परिणाम. दोन ट्रे. एकात ३० रोपं, त्यांना साधं पाणी. दुसऱ्यात ३० रोपं, त्यांना १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, म्हणजे ५.८४ ग्रॅम मीठ विरघळवून आकारमान एक लिटरपर्यंत आणलेलं द्रावण. तीन आठवडे नेमाने पाणी घातलं, उंची मोजली, साठ आकडे आले. दोन्ही गटांत ३०-३० आकडे धरून टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी) लावली, डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबात धरलेल्या स्वतंत्र आकड्यांचं माप, इथे ६० उणे २) ५८, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी. आलेख सुरेख, प्रोजेक्ट बांधून तयार.

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येतो: ‘मिठाखेरीज या दोन ट्रेमध्ये आणखी काय काय वेगळं होतं?’

उत्तर द्यायला सुरुवात केली की यादी थांबत नाही. एक ट्रे खिडकीजवळ होता. एकातली माती बोटभर जास्त दाबलेली होती. एकाची भोकं बुजल्यामुळे पाणी साचत होतं. एका ट्रेत बुरशी शिरली आणि ती शेजारच्या रोपांवर पसरली. मीठ रोपाला दिलं नव्हतं, ट्रेला दिलं होतं. म्हणजे मिठाचा ट्रे एक आणि साध्या पाण्याचा ट्रे एक. प्रयोगाची खरी संख्या ३० नाही, १ आहे. तीस रोपं मोजल्यामुळे त्या एका ट्रेची सरासरी नेमकी कळली, एवढंच. दोन ट्रेंमधला फरक मिठामुळे की खिडकीमुळे, हे त्या साठ आकड्यांमधून कुठल्याही टेस्टने वेगळं काढता येत नाही. सॉफ्टवेअर ते सांगत नाही. त्याला साठ ओळी दिसतात, तो साठ स्वतंत्र निरीक्षणं समजून हिशेब करतो.

आता हाच प्रयोग नीट कसा करायचा ते बघा. तीच साठ रोपं, तेवढंच मीठ, तेवढेच दिवस. फक्त १२ कुंड्या घ्यायच्या, प्रत्येकीत ५ रोपं. कुंड्यांना १ ते १२ क्रमांक द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून सहा मिठाला, सहा साध्या पाण्याला नेमायच्या. मांडणीवरच्या जागाही चिठ्ठ्यांनीच ठरवायच्या, कारण कडेच्या कुंड्या लवकर सुकतात. ‘एक याला, एक त्याला’ असं हाताने वाटलं की नकळत तगडी रोपं एका बाजूला जातात. पहिल्याच दिवशी १०० मिलिमोलर ओतायचं नाही, रोपांना ऑस्मोटिक धक्का बसतो (खारट पाण्यामुळे मुळांना एकाएकी पाणी ओढता येत नाही) आणि मग तुम्ही वाढ मोजत नाही, धक्का मोजता. २५ पासून सुरू करून दर दोन दिवसांनी २५ ने वाढवत न्यायचं. साध्या पाण्याच्या कुंड्यांनाही तेवढेच मिलिलिटर, त्याच वेळी. मोजणाऱ्याला शक्यतो कुंडीचा फक्त क्रमांक माहीत असावा, गट नाही. आणि आकड्यांच्या तक्त्यात ‘कुंडी क्रमांक’ हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. तो नसेल तर नंतर काहीच वाचवता येत नाही.

शेवटी प्रत्येक कुंडीची सरासरी काढायची. बारा सरासऱ्या, सहा विरुद्ध सहा, डिग्रीज ऑफ फ्रीडम १०. पाच टक्के पातळीला टी ची सीमा (टी-टेस्टचं उत्तर जिच्या पुढे गेलं तरच फरक योगायोगाचा नाही असं धरतात) ५८ वर २.०० असते, १० वर २.२३. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं वाटेल. पण खरा बदल त्या सीमेत नाही. आता फरक कुंड्या-कुंड्यांमधल्या चढउताराशी ताडून पाहिला जातोय, आणि प्रश्नही तोच होता. खर्च बारा कुंड्यांचा. ही गोष्ट कळायला स्टॅटिस्टिक्सचा एक कोर्स लागतो, आणि तो ट्रे भरण्याआधी झालेला असावा लागतो.

या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात आणि ती फक्त विद्यार्थी करत नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये इकॉलॉजीतले छापून आलेले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा २७ टक्क्यांमध्ये ती सापडली. संशोधकांचं असं होत असेल तर पदवीच्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्यांना हा विषय शेवटी ढकलायला सांगणाऱ्यांचा आहे.

‘उपरा विषय’ या शब्दावर मला जास्तच बोलायचं आहे. आज आपण जे वापरतो त्यातलं कितीतरी जीवशास्त्रातच जन्मलं. अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) आणि रँडमायझेशन (वर चिठ्ठ्या टाकून केली तशी वाटणी) यांची घडी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बसवली, तिथे ते १९१९ मध्ये रुजू झाले होते. १९४३ चा लुरिया आणि डेलब्रुक यांचा प्रयोग घ्या. प्रश्न असा होता की विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू समोर आल्यावर तसे बनतात, की आधीच आपोआप म्युटेशन होऊन तयार असतात? त्यांनी जिवाणूंची बरीच वेगवेगळी कल्चर (स्वतंत्र नळ्यांमधली वाढ) वाढवली आणि प्रत्येकातल्या तग धरणाऱ्या वसाहती मोजल्या. पहिलं उत्तर खरं असतं तर व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचं माप) सरासरीच्या जवळपास यायला हवा होता. तो सरासरीच्या कितीतरी पट आला: बहुतेक कल्चरमध्ये थोड्या वसाहती आणि एखाद्यात भरमसाट, कारण तिथे म्युटेशन फार आधी झालं होतं. हा निष्कर्ष सूक्ष्मदर्शकातून दिसला नाही, व्हेरिअन्समधून दिसला. ज्याला व्हेरिअन्स म्हणजे काय हे माहीत नाही, तो हा प्रयोग पाठ करतो. त्याला तो कळत नाही.

तुमच्या आवडीच्या तिन्ही विषयांनाही हेच लागू आहे. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘३० ते ३०० वसाहती असलेली प्लेटच मोजा’ असा नियम सांगतात. का? मोजणीतली अनिश्चितता साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ९ वसाहती असतील तर ती ३, म्हणजे ३३ टक्के. ८४ असतील तर सुमारे ९, म्हणजे ११ टक्के. ३०० च्या वर वसाहती एकमेकींत मिसळतात आणि मोजणी कमी भरते. डायल्यूशनमधली चूक याहून मोठी असते. १ मिलि नमुना ९ मिलिमध्ये घातला तर दहापट विरलन होतं, १० मिलिमध्ये घातला तर अकरापट. सहा पायऱ्यांत ही चूक १.१ चा सहावा घात होते, म्हणजे १.७७ पट. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सगळं नीटनेटकं दिसतं आणि जिवाणूंची संख्या निम्म्याच्या आसपास येते.

जेनेटिक्समध्ये काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती दूर आहेत, हे तपासणारी चाचणी) पहिल्या महिन्यातच येतो. मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे घ्या: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. ३:१ नुसार अपेक्षित ५४९३ आणि १८३१. काय-स्क्वेअर ०.२६, सीमा ३.८४. स्टॅटिस्टिक्स न शिकलेला विद्यार्थी इथे ‘३:१ सिद्ध झालं’ असं लिहितो. सिद्ध काही झालेलं नाही. आकडे ३:१ च्या विरोधात जात नाहीत, एवढंच म्हणता येतं.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्री आणि पायाभूत जीवशास्त्र. दुसऱ्यात केमिस्ट्रीचा पुढचा भाग आणि स्टॅटिस्टिक्स. तिसऱ्यात ऑरगॅनिक आणि जेनेटिक्स. मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री त्यानंतर. इकॉलॉजी ज्या सत्रात बाहेर जाऊन नमुने घेता येतील त्या सत्रात, पण स्टॅटिस्टिक्सच्या आधी नाही.

कोर्सचं नाव पाहून फसू नका, अभ्यासक्रम उघडून बघा. टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, अनोव्हा, रिग्रेशन हे बहुधा असतंच. ‘प्रयोगाची आखणी’ हा भाग आहे का ते तपासा. नसेल तर तो कोर्स अर्धाच आहे. आकडेमोड ‘आर’ या संगणकभाषेत शिकवत असतील तर उत्तम. नुसत्या एक्सेलवर विसंबून राहू नका. त्यात ‘सेप्ट२’ नावाचं जनुक टंकलं की त्याची २ सप्टेंबर ही तारीख होते. हा घोटाळा इतका पसरला होता की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली; सेप्ट२ चं आता सेप्टिन२ आहे.

एका सत्रात प्रॅक्टिकलचे कोर्स दोनच घ्या. वेळापत्रकात ते तीन तासांचं दिसतं, पण जर्नल लिहायला तेवढेच तास लागतात, आणि काही प्रॅक्टिकल तुमच्या सोयीने चालत नाहीत. आगर प्लेट २४ ते ४८ तासांनी वाचायलाच लागते. ड्रोसोफिला (जेनेटिक्सच्या प्रयोगांतली फळमाशी) २५ अंश सेल्सिअसला दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते, आणि क्रॉससाठी कुमारी माद्या कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. त्या वेळी तुम्ही दुसऱ्या प्रॅक्टिकलमध्ये अडकला असाल तर क्रॉस वाया. तिसरं प्रॅक्टिकल घेतलं की हे सगळं शेजारच्या वहीतून उतरवलं जातं.

जेनेटिक्स की इकॉलॉजी, कशात पुढे जावं, हेही तुम्ही विचारलं होतं. ते इथून सांगता येणार नाही. दोन्हींचा एकेक कोर्स करा, आणि ज्याची प्रॅक्टिकल कंटाळवाणी असूनही करावीशी वाटतील तो निवडा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या पदवीत क्रम ठरवूनच दिला असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तेव्हा स्टॅटिस्टिक्स निदान प्रोजेक्टच्या आखणीआधी स्वतः वाचा. संभाव्यता, व्हेरिअन्स आणि रँडमायझेशन एवढं तरी. लॉगॅरिदम आणि घातांक डळमळीत असतील तर पहिल्याच सत्रात त्यांच्याकडे बघा, कारण पीएच आणि डायल्यूशन दोन्ही त्यांच्यावर उभे आहेत. पुढे वैद्यकीय शिक्षणाला जायचं असेल तर तिथल्या अटी आधी वाचा. त्या फिजिक्सही मागू शकतात.

आणि शेवटच्या वर्षातलं कोणी हे वाचत असेल, दोन ट्रे भरून झाले असतील आणि रोपं अजून लहान असतील, तर आजच ती उपटून बारा कुंड्यांत लावा आणि चिठ्ठ्या टाका. मूळ धरायला आठवडा द्या, मीठ त्यानंतर सुरू करा. उंची मोजून झाली असेल तर टी-टेस्ट काढून टाका, दोन्ही ट्रेंच्या सरासऱ्या आणि स्टँडर्ड डेव्हिएशन द्या, आणि ‘प्रत्येक उपचाराचा एकच ट्रे होता’ हे कार्यपद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा.