म्युऑन खाली पोचतात कसे?

प्रश्न : वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं, हे कुणी प्रत्यक्ष मोजलंय का?

उत्तर : हो! माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग १९६३ चा. फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, तासाला ५६३ म्युऑन (अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात वर तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) मोजले. हे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंदच (सेकंदाचे दहा लाखावे भाग) जगतात. प्रकाशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त वेग धरला, तरी घड्याळ मंद होत नसतं, तर खाली समुद्रसपाटीजवळ, अमेरिकेतल्याच केंब्रिजला, जेमतेम २७ उरायला हवे होते. मोजले तर ४०८! आपल्या दृष्टीने त्यांचं घड्याळ जवळपास नऊपट मंद चाललं. म्युऑनच्या दृष्टीने डोंगरच तेवढा आखूड झाला. दोन्ही खरं, आणि इथेच माझे विद्यार्थी हटकून अडतात. वेगवान कण जास्त जगेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहिलं होतं.